गोळीनं उपास मोडत नाही

“पण महाराज, गोळीनं उपास मोडतो कुठं? ती काय अन्न आहे?”

सोमगिरी महाराजांनी डोळे मिटून घेतले. ध्यान लागलं म्हणून नव्हे. डोळे उघडे राहिले असते, तर हातातली काठी त्र्यंबकच्या पाठीत बसली असती.

त्र्यंबक मठाची कोठी सांभाळायचा. आठवड्यातून चार दिवस कडक उपास, आणि तीन-तीन तास एका आसनावर बैठक. लोक त्याला बघायला येत, आणि ते येतात हे त्याला आवडे. गुडघे मात्र त्याच्या वैराग्याला जुमानत नव्हते. म्हणून रोज रिकाम्या पोटी दुखण्याच्या दोन गोळ्या, वर कोरा चहा. आज बैठकीवरून उठताना त्याला भोवळ आली, खांब धरून तो मटकन खाली बसला, तेव्हा कुठे हे सगळं बाहेर पडलं.

“किती दिवस चाललंय हे?”

“वर्ष झालं असेल.”

“आणि पोटात?”

“जळतं. पहाटे जरा जास्त. पण महाराज, तो तपाचा अग्नी...”

“तपाचा अग्नी खायच्या सोड्यानं विझतो होय रे?”

सोड्याची पुडी महाराजांनी कालच तांदळाच्या डब्यामागे पाहिली होती. त्र्यंबकनं मान खाली घातली.

“मागे दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंना दाखवून आलास ना? काय म्हणाल्या त्या?”

“अल्सर असेल म्हणाल्या. जठराला आतून जखम. दुखण्याच्या गोळ्या बंद करा, घशातून दुर्बीण घालून बघू. जंतू सापडला तर त्याचं औषध देते, काही आठवड्यांत बरं वाटेल...”

“चिठ्ठी कुठाय त्यांची?”

“पोथीत आहे. खूण म्हणून घातलीय.”

महाराजांनी कपाळाला हात लावला. चाळीस वर्षं शिष्य घडवण्यात गेली आणि पदरात हे पडलं!

“आणखी काय लपवलंयस?”

त्र्यंबक अवघडला. “परवापासून शौचाला... काळं होतंय. डांबरासारखं. म्हटलं, जन्मोजन्मीचा मळ सुटतोय.”

“अरे गाढवा, रक्त आहे ते!”

महाराजांचा आवाज चिरकला. त्यांचे गुरुबंधू असेच गेले होते. तेही म्हणायचे, थोडं जळतंय, चालायचंच. एके दिवशी जखमेला भोक पडलं, पोट लाकडासारखं कडक झालं, आणि दवाखाना गाठेपर्यंत उशीर झाला. महाराज घाबरले होते. आणि घाबरले की त्यांना राग येई.

त्यांनी जीप आणायला माणूस पिटाळला. त्र्यंबक जागचा हलेना.

“उद्या एकादशी आहे, महाराज. परवा पारणं करतो आणि जातो. आत्ता काही दुखतसुद्धा नाही. हातपाय धड आहेत.”

पालथ्या घड्यावर पाणी! महाराज तणतणत कोठीत गेले. बाहेर आले ते एक मोठं पितळी पातेलं घेऊन. चिंचेनं घासून लख्ख केलेलं, पण आतून पिवळं पडलेलं.

“दुपारच्या पंगतीचं ताक यात ओतून ठेवायला सांग.”

त्र्यंबक ताडकन ताठ झाला. “यात? महाराज, याची कल्हई गेलीय!”

“मग?”

“ताक कळकेल! पंगतीला ओकाऱ्या सुटतील!”

“छे! झळकतंय बघ कसं. माझी दाढी दिसते त्यात.”

“बाहेरून झळकून काय करायचंय?” आता कोठीवाला चिडला होता. कोठीच्या बाबतीत तो महाराजांचंही ऐकत नसे. “कल्हई उडाली की आंबट थेट पितळाला लागतं. भांडं आतून बघायचं असतं, महाराज. एवढंही...”

 महाराजांनी पातेलं खाली ठेवलं, आणि आपला तळवा त्र्यंबकच्या पोटावर ठेवला.

...

त्र्यंबकनं पातेल्याच्या पिवळ्या तळाकडे पाहिलं आणि उपरणं खांद्यावर टाकलं.

...

खाली पायऱ्यांशी जीपचा हॉर्न वाजला. दोघा माणसांनी त्र्यंबकला धरून उतरवलं. चेहरा पांढराफटक पडला होता, तरी जीपमध्ये बसताना त्यानं मागे वळून पाहिलंच.

“येतो, महाराज. पण तिथं खाटेवर पडून माझ्या साधनेचं काय होणार?”

“डॉक्टरीणबाई सांगतील तेव्हा तोंड उघडायचं, आणि बोलायचं नाही,” महाराज म्हणाले. “एवढी साधना तुला अजून जमलेली नाही.”