कॅमेऱ्याची ऊब

एकदा एका वृद्ध खगोलशास्त्रज्ञाच्या शिष्येने अवकाशदुर्बिणीसाठी कॅमेरा घडवला. साधासुधा नव्हे, अवरक्त प्रकाश टिपणारा. जो प्रकाश आपल्या डोळ्यांना दिसत नाही, केवळ उष्णता म्हणून जाणवतो, तो पाहणारा. बारा वर्षे तिने त्याला तळहातावरच्या फोडासारखे जपले. त्यात वेगवेगळा प्रकाश गाळून देणाऱ्या आठ काचांची एक फिरती चकती होती. ती थंडीने अडकू नये म्हणून तिने शेजारीच इवलासा हीटर बसवला. एवढ्याशा उबेने काय बिघडते, असा तिचा हिशेब. आईच ती, लेकराला उघडे कशी पाठवील!

दुर्बीण लाखो किलोमीटर दूर पोहोचली आणि चित्रे येऊ लागली. प्रत्येक चित्रावर नुसती धुरकट झाक. सूर्याची आच अडवणारा पडदा फाटला, असे जो तो म्हणू लागला. अखेर मोहिमेच्या समितीने बजावले, आज संध्याकाळपर्यंत स्वच्छ चित्र आले नाही तर कॅमेरा कायमचा बंद. शिष्येचा जीव टांगणीला लागला.

सकाळीच गुरू नियंत्रण कक्षात आले. त्यांनी चित्र पाहिले आणि म्हणाले, "हीटर बंद कर."

ती ताडकन उठली. "सर, चकती गोठली की संपलं! पुन्हा कधीच फिरायची नाही ती."

"नाही फिरणार कदाचित."

"मग मारायलाच निघालात की त्याला!"

गुरू तिच्या शेजारी बसले. "अगं, उष्णता हाच त्याचा उजेड. त्या दूरच्या दीर्घिकांची धग ती केवढीशी! आणि तू त्याच्या डोळ्यापाशी चूल पेटवून ठेवलीस. पडदा शाबूत आहे. त्याला दिसतेय ती तुझी माया. दुसरं काहीच दिसत नाही."

तिने स्वतःच आज्ञा पाठवली. तापमान आकड्या-आकड्याने उतरू लागले. उणे दोनशे. उणे दोनशे वीस. दुपारी निरोप आला, चकती अडकली. ज्याची भीती होती तेच झाले. तिने डोळे गच्च मिटले.

चारच्या सुमारास संगणकाच्या पडद्यावर चित्र उमटले. काळेभोर आकाश आणि त्यात शेकडो दीर्घिका, मोहरीएवढ्या, लखलखीत.

"आता आठांतल्या एकाच काचेतून दिसणार त्याला," गुरू हळूच म्हणाले.

"पण दिसतंय, सर."

हीटर पुन्हा सुरू करण्याच्या कळीवर सकाळपासून ठेवलेले बोट तिने तेव्हा कुठे उचलले.