लाभ, दोन, तीन

फार पूर्वी, मापं बोलत असत त्या काळी, एका बंदरावर मिरी मोजणारी लाकडी पायली होती. मोजताना ती ‘एक’ कधीच म्हणायची नाही. पहिल्या मापाला ‘लाभ’ म्हणायची, मग दोन, तीन. थोरल्या पायलीनं तसंच शिकवलं होतं.

एकदा परदेशी गलबतावरून पितळी माप धक्क्यावर उतरलं. पायलीनं त्याच्या पोत्यात दहा मापं ओतली.

“नऊच झाली,” पितळी माप म्हणालं. “एक मला ऐकू आलंच नाही.”

“लाभ म्हणजेच एक.”

“लाभ म्हणजे नफा, एवढं मला ठाऊक आहे. तुमचा नफा आमच्या पोत्यातून का?”

पायलीला राग आला. “अख्ख्या बंदराला कळतं. तुम्हाला काय समजवायचं?” म्हणत तिनं तोंड फिरवलं.

खाडीपलीकडची पायलीही घरात लाभच म्हणायची, पण गलबत लागलं की ‘एक’ म्हणायची. हळूहळू सगळी गलबतं तिकडे वळली.

इकडची पायली अजूनही रोज सकाळी रिकाम्या धक्क्यावर म्हणते, “लाभ.”

मग थांबते. दोन म्हणायला समोर कुणाचं तरी पोतं उघडं लागतं.