बदकाची कलेजी

एका गावात गजाबा शेलार नावाचा एक तापट गडी व्हता. त्याच्या घरी जेवाय बसायचं म्हंजी अंगात बळ लागायचं. पाव्हनं पानावर आडवा हात धरायचं, ह्यो बोटांच्या फटीतनं तूप सोडायचा. नको म्हनलं की ह्याला राग. माझं अन्न वंगाळ हाय का, म्हनून भांडायचा.

दोन वर्सांमागं धोंड्याच्या जेवनाला त्यानं व्याह्याला, निवृत्ती भोइट्याला, असंच धरलं. निवृत्तीला साखरंचा आजार. त्यो हात जोडत व्हता, ह्यो पुरनाच्या पोळ्या टाकत व्हता. सांच्याला निवृत्तीला दवाखान्यात न्यावं लागलं. तवापास्नं त्यानं गजाबाच्या उंबऱ्यावर पाय ठेवला न्हाई. मायेनं वाढलं त्यात माझं काय चुकलं, हे गजाबा गावभर सांगत फिरला. सांगून सांगून शेवटी त्योच थकला. आता नातवाचं जावळ मामाच्या मांडीवर, म्हंजी गजाबाच्याच दारात व्हायचं व्हतं. आन बापाकडच्या सख्ख्या आज्याबिगर जावळ कसं करायचं?

गजाबाचा जावई, म्हंजी निवृत्तीचा पोरगा, शहरातल्या मोठ्या हाटेलात आचारी. त्यानं दोघा म्हाताऱ्यांना तिथं बोलवून एका टेबलाला बसवलं. गजाबा भिंतीकडं बघत बसला.

जावयानं दोन बशा आनल्या. भाजल्याल्या पावावर बोटभर कलेजी, वर अंजिराची फोड. बदकाची हाय, म्हनला, परदेशात हिला लई मान. फ्वा ग्रा म्हनत्यात. नाव काय गजाबाच्या ध्यानात ऱ्हायलं न्हाई. कलेजी मातुर तोंडात लोन्यागत इरघळली.

एवढं चांगलं खाल्ल्यावर त्याचा हात गप बसंना. आपला उरल्याला निम्मा तुकडा त्यानं उचलला आन निवृत्तीच्या बशीत ठेवला.

निवृत्ती रागावला न्हाई. नुसता खांदं पाडून बशीकडं बघत ऱ्हायला, दमल्या बैलागत.

एवढी मऊ कशी काय, गजाबानं जावयाला इच्यारलं. जावयानं सांगितलं, बदकाच्या नरड्यात नळी घालत्यात आन पोट भरलं तरी वरनं मका वतत्यात. कलेजी सुजून मोठी व्हती. तीच ही.

गजाबा भडाकला. "त्या मुक्या जिवाला कुनी इच्यारत न्हाई व्हय, पोट भरलं का म्हनून?"

निवृत्ती हळूच म्हनला, "पाव्हनं, मी तर मुका बी नव्हतो."

गजाबाच्या तोंडाशी शिवी आली. ती त्यानं गिळली. मग त्यानं निवृत्तीच्या बशीतला तुकडा उचलला आन माघारी घेतला. वाढल्यालं माघारी घ्यायची जन्मातली ती पहिलीच वेळ.

"जावळाला या," म्हनला. "जेवला न्हाई तरी चालंल."

निवृत्ती लगीच हो म्हनला न्हाई. पानी प्याला. मग म्हनला, "येतो. नुसता च्या घीन. बिनसाखरंचा."

"बरं," गजाबा म्हनला. एवढा एक शब्द काढायला त्याला लई जड गेलं.

तात्पर्य: पाव्हना नको म्हनला की हात आवरावा. ज्याचं पोट त्यालाच ठावं. त्याचं न ऐकता वाढलं, तर ती माया न्हाई, आपलीच हौस.