ठमाईचा बिनगाठीचा गळपट्टा

हिरडमाळावर गाडीवाट चढली नव्हती आणि मीठसुद्धा माणसाच्या डोक्यावर बसून घाट चढायचं, त्या काळातली ही गोष्ट. ज्यांनी ती डोळ्यांनी पाहिली ते कधीच गेले. ज्यांनी त्यांच्याकडून ऐकली तेही गेले. गोष्ट मात्र गेली नाही, कारण हिरडमाळाच्या बायकांनी तिला दारातून हलूच दिलं नाही. थंडी वाजत असेल तर शेकोटीजवळ सरका आणि ऐका.

त्या गावात ठमाई नावाची सुईण होती. तिच्या हाताला यश होतं. अडलेली बाई असो की अडलेली गाय, ठमाईनं पोटावरून हात फिरवला की सुटका व्हायची. असं म्हणतात, की अंगणात तिच्या पायांचा आवाज आला तरी पोटातलं बाळ डोकं खाली करून तयार व्हायचं. आता हे बाळांना कुणी विचारलं ते मला ठाऊक नाही, पण गाव तसं म्हणतं खरं.

ठमाईचा एक नेम होता. बाळंतिणीच्या घरात पाऊल टाकलं की आधी घरातल्या गाठी सोडायच्या. बाईचे केस मोकळे, चोळीची गाठ मोकळी, पेटीचा कोयंडा काढलेला, कणगीचं झाकण उघडं, गोठ्यातल्या गाईचं दावंसुद्धा सोडलेलं. घरात गाठ राहिली तर पोटात गाठ राहते, असं तिच्या आईनं तिला सांगितलं होतं, आणि आईला तिच्या आईनं. बाळ आलं तरी काम संपत नसे. बाळामागून वार पडेपर्यंत गाठ मारायची नाही आणि नाळही कापायची नाही. तोवर बाळ आईच्या कुशीशेजारी सुपात, जुन्या लुगड्याच्या फडक्यावर.

या रीतीत एक खोट होती. ठमाईला ती दिसायची, पण उपाय सुचायचा नाही. पौष-माघात हिरडमाळावर असं धुकं उतरायचं की ते दाराशी थांबायचं नाही, थेट चुलीपर्यंत यायचं. त्या दिवसांत जन्मलेलं बाळ सुपातल्या सुपात गार पडायचं. घोंगडी घालावी तर ती टोचते, कोवळ्या कातडीवर चट्टे उठतात. फडकं गुंडाळावं तर ते धुक्यानं ओलं. राही नावाच्या एका सुनेची दोन बाळं अशीच गेली होती. दोन्ही ठमाईच्या हातांवर आली आणि दोन्ही तिच्याच हातांवर गार झाली. राहीनं तिला कधी बोल लावला नाही. लावला असता तर बरं झालं असतं, असं ठमाईला वाटायचं. आता राहीला पुन्हा दिवस गेले होते आणि महिने मोजले तर पुन्हा पौषच येत होता.

अशात दसऱ्याच्या सुमारास घाटाखालून देवीची लस टोचणारी एस्तेरबाई वर आली. पोरं तिला बघून कणग्यांमागं दडली, आणि त्यांना शोधता शोधता बाईचा पाय उंबऱ्याला अडकून मुरगळला. पाय सुजून भोपळा झाला. ठमाईनं तिला आपल्या घरी ठेवून घेतलं, आंबेहळदीचा लेप घातला. बाई बसल्या बसल्या पिशवीतून एक सुई काढायची आणि पांढऱ्या दोऱ्याचं काहीतरी विणत राहायची. सुई कसली, तिला डोळाच नव्हता. टोकाला नुसतं वाकडं नाक. ठमाई जवळ सरकून बघत राहिली.

"ह्या वाकड्या नाकानं लोकरीचं काय हुईल का, बाई?" तिनं विचारलं.

"होईल की. मऊ लोकर असली तर गळपट्टा होईल, अंगाला ऊब देईल."

"बाळाला टोचंल?"

एस्तेरबाईनं तिच्याकडं नीट पाहिलं. मग म्हणाली, "शिका, मावशी. दोनच गोष्टी आहेत. आधी साखळी, मग साखळीवर उभे खांब."

दोनच गोष्टी होत्या, पण ठमाईनं त्या दोन्हींचा जीव घेतला. पहिल्या दिवशी तिनं साखळी इतकी घट्ट ओढली की सुई आत शिरेना. दुसऱ्यांदा इतकी सैल, की त्यातून कोंबडीचं पिल्लू आरपार गेलं. असं म्हणतात, की ज्या हातांनी आडवं बाळ आतल्या आत वळवलं ते हात वीतभर दोऱ्यापुढं घामाघूम झाले. "एवढं ओढू नका," एस्तेरबाई सांगायची. "आत जायचं, धागा धरायचा, अलगद बाहेर घ्यायचा."

हे ऐकून ठमाई थबकली. "अगं बया! हे तर मी जल्मभर करतिया," ती म्हणाली, आणि तिथून तिचा हात बसला.

हात बसला, पण नजर बसायची होती. प्रत्येक ओळीचा शेवटचा खांब ती विसरायची, आणि विसरलीय हे कळायचंही नाही. त्यामुळं सरावाचा गळपट्टा वरून हातभर रुंद सुरू झाला आणि खाली कोरफडीच्या पानासारखा निमुळता होत गेला. पाणवठ्यावर बायकांची हसून हसून पुरेवाट झाली. "ठमाई, हे मुंगसासाठी हाय का गं?" असं त्यांनी विचारलं. ठमाईही हसली आणि एका ओढीत सगळं उसवून पुन्हा बसली. उसवायला तिला कधी दुःख झालं नाही. मोकळं करणं हाच तिचा धंदा होता.

एस्तेरबाईचा पाय बरा झाला. जाताना तिनं स्वतःची सुई ठमाईच्या हातावर ठेवली आणि म्हणाली, "आता संपवायचं कसं ते बघून घ्या. धागा कापायचा, शेवटच्या फासातून ओढून घ्यायचा आणि घट्ट गाठ..."

ठमाईनं दोन्ही कानांवर हात ठेवले. "गाठीचं मला सांगूच नगा, बाई. मी इणनार ते राहीच्या बाळाला हाय. ती मोकळी हुईस्तवर ह्यात गाठ न्हाई पडायची."

एस्तेरबाईनं समजावून पाहिलं, पण सुईण ती सुईण. शेवटी बाई हसली आणि घाट उतरून गेली. अशी ठमाई सुरुवात करायला शिकली आणि शेवट करायचा तेवढा राहिला.

दिवाळी झाली तसा बिरू धनगर मेंढरं घेऊन माळावर आला. ठमाईनं त्याच्याकडं कोकरांच्या मानेखालची, पहिल्या कातरणीची लोकर मागितली. बिरूनं तिच्या तोंडाकडं पाहिलं आणि कुणासाठी म्हणून विचारलंही नाही. राहीची गोष्ट माळावरच्या मेंढरांनाही ठाऊक होती. त्याच्या बायकोनं चातीवर मऊसूत धागा कातून दिला, काळाभोर. ठमाईनं पहिला फास टाकला, तो ओढला की सुटणारा. सरगाठीला ती गाठ मानत नव्हती. धागा संपला की नव्याचं टोक जुन्यावर ठेवायची, थुंकी लावायची आणि तळहातावर असं वळायची की जोड कुठं आहे ते सापडू नये.

गळपट्टा वाढत गेला. ओळी वाकड्या, कडा वर-खाली, कुठं एक खांब जास्त तर कुठं एक कमी. हातभर झाला, दोन हात झाला. बाया म्हणाल्या, "पुरे की गं आता." ठमाई म्हणायची, "पुरे म्हनायचं तर गाठ मारावी लागंल." आणि रिकामं बसलं की तिचं मन त्या दोन सुपांकडं जायचं. म्हणून ती विणत राहिली. भाकरी थापून झाली की विणायची, पाणी भरून आलं की विणायची, मयताला गेली तरी पदराखाली सुई चालूच. गळपट्टा गुडघ्यांवरून जमिनीवर आला आणि जमिनीवर त्याची वेटोळी पडायला लागली. मांजरानं त्यात संसार थाटला.

पौष लागला. राहीचे दिवस भरायला अजून अवकाश होता, पण बाळ थांबलं नाही. एका सकाळी असं धुकं पडलं की हाताला हात दिसेना, आणि त्यातच राहीच्या नवऱ्यानं हाक मारली. ठमाई गळपट्टा आणि लोकरीची पिशवी काखेत मारून निघाली. सुई अजून शेवटच्या फासात अडकलेली होती.

घरातल्या सगळ्या गाठी सुटल्या. राहीनं दात आवळले होते. "ठमाई, ह्या बारीला तरी," एवढंच ती म्हणाली.

बाळ आलं ते मूठभर, निळसर, आणि रडेना. ठमाईनं पाठ चोळली, तोंड पुसलं, तळवे घासले. श्वास होता, पण काजव्यागत लुकलुकणारा. वार पडली नव्हती, म्हणून नाळ आईशी जोडलेली. सासूनं सवयीनं सूप पुढं केलं. त्या सुपाकडं पाहून राहीनं डोळे मिटून घेतले. ठमाईनं ते पायानं बाजूला सारलं. तिनं बाळाला गळपट्टा गुंडाळायला घेतला, आणि मग तिच्या ध्यानात आलं, की बाळ केवढं आणि गळपट्टा केवढा! नुसता बाळाला गुंडाळला तर त्याच्या ओझ्यानंच ते दबायचं. कापायची सोय नाही, नाळेआधी त्या घरात काही कापायचं नाही. टोक नुसतं खाली सोडावं तर कुणाचा पाय लागून सगळं उसवेल, कारण शेवट मोकळा.

मग उरलेला गळपट्टा ठेवायचा कुठं? ठमाईनं बाळ राहीच्या उघड्या छातीवर पालथं ठेवलं आणि गळपट्टा दोघांच्या भोवती गुंडाळला. पाठीखालून, काखेतून, बाळाच्या टाळूवरून, पुन्हा पाठीखालून. आईचं अंग आणि बाळाचं अंग एक झालं. टोकाची सुई ठमाईनं स्वतःच्या हातात धरली.

धुकं दारात आलं. काय करावं ते न सुचून तिनं जे येत होतं ते केलं. सुई फासात फिरवली आणि पुढचा खांब घातला, मग त्याच्या पुढचा. असं म्हणतात, की तिनं एक एक खांब घातला तसं धुकं एक एक पाऊल मागं हटलं. असंही म्हणतात, की लोकर केव्हाच संपली होती, तरी पिशवीतून धागा येतच राहिला. गळपट्टा घराला वेढा घालून गेला असं काही जण सांगतात, काही जण तर गावाला म्हणतात. आपण घरापुरतं मानू. पण एक गोष्ट सगळेच सारखी सांगतात. राहीच्या छातीची ऊब बाळाला लागली, त्याचे ओठ तांबूस झाले, आणि ते असं रडलं की गोठ्यातली मोकळी गाय हंबरत दारात आली. त्यामागोमाग वार पडली.

ठमाईनं विळ्यानं नाळ कापली आणि त्याच विळ्यानं धागा. आता गाठ मारायची. पण मारायची कशी? बाई सांगत होती तेव्हा तिनं कान झाकून घेतले होते! ती गोंधळून फासाकडं बघत राहिली, आणि तिच्या डोळ्यांतून पाणी गळायला लागलं.

"आन इकडं," राही म्हणाली. तिनं धाग्याचं टोक घेतलं, फासातून ओवलं आणि रोज चोळीला मारते तशी गाठ मारली. मग ठमाईचा हात धरून तो आपल्या कपाळाला लावला. "माझी दोनी गेली ती तुझ्या हातानं न्हाई गेली, थंडीनं गेली. हे मातुर तुझ्या हातानं ऱ्हायलं." ते ऐकून ठमाई जी रडली, ती इतक्या वर्षांचं रडली.

उन्हाळ्यात एस्तेरबाई पुन्हा वर आली. राहीचं बाळ मांडीवर घेऊन तिनं तो वाकडातिकडा गळपट्टा कितीतरी वेळ न्याहाळला. ठमाईनं तिच्या पायांवर डोकं ठेवलं आणि म्हणाली, "आता गाठ शिकवा, बाई." एस्तेरबाईनं तिला उठवून जवळ घेतलं. "तुमच्याकडं आहे ती माझ्या गाठीपेक्षा चांगली आहे, मावशी. ती मलाच शिकवा." आणि बाई राहीकडून चोळीची गाठ मारायला शिकून गेली, असं म्हणतात.

त्यानंतर हिरडमाळावर बाळ सुपात ठेवलं गेलं नाही. ठमाई मरेपर्यंत विणत राहिली. तिची कड शेवटपर्यंत सरळ आली नाही.

आता गावाला रस्ता आहे, बाळंतपणं खाली तालुक्याला होतात. पण कुणाला दिवस गेले, की घरातल्या ज्या माणसानं कधी सुई धरली नाही त्याच्या हातात ती देतात. शिकलेला हात चालत नाही. कधी दीर बसतो, कधी सासरा, चष्मा नाकावर ओढून साखळी मोजत. चुकतं, लोक हसतात, उसवतं, पुन्हा सुरू होतं. बिरूच्या वंशातले धनगर अजून कोकराची लोकर आणून देतात. गळपट्टा सुईसकट दवाखान्यात जातो आणि बाळ छातीवर आलं की आई स्वतः चोळीची गाठ मारते, मग ती आयुष्यात कधी चोळी न घातलेली का असेना.

मूल पावलं टाकू लागलं की आई त्याला घेऊन गावच्या पारावर येते. जमलेल्या बायकांसमोर गाठ सोडते, धागा ओढते आणि सगळा गळपट्टा उसवून त्याचा गुंडा करते. तो पुढच्या घरी जातो. नवी लोकर जुन्याला थुंकीनं जोडली जाते, गाठीनं नाही. म्हणून त्या गुंड्यात कुठंतरी ठमाईच्या हातचा धागा अजून असेल, असं म्हणतात. गुंडा पुरा झाला की आई मूल खाली उभं करते, त्याचं बोट सोडते आणि माळाकडं तोंड करून मोठ्यानं सांगते, "ठमाई, पोर चालाया लागलं गं!"

आणि पारावरच्या म्हाताऱ्या तिथूनच ओरडतात, "बघतिया ती. चालू दे त्याला!"