ओकच्या झाडाची पानं

अमेरिकेच्या दक्षिण भागात न्यायाधीशसुद्धा मतं मागून निवडून येतो. बेलफर गावचा जज्ज क्रॉली तर पाच वेळा आलेला. काळ्या माणसाचं नाव मतदारयादीत येऊ द्यायचं नाही, हा त्याचा पण. कचेरीत पाटीच होती : 'परीक्षा पास झाल्याशिवाय कुणाचंही नाव यादीत घेतलं जाणार नाही.' आणि परीक्षा घ्यायला जज्ज स्वतः बसायचा.

एकदा काळ्यांच्या वस्तीतली म्हातारी सुईण ओडेसा नाव नोंदवायला आली. नेमका त्या दिवशी निवडणुकीत जज्जाविरुद्ध उभा राहिलेला वकीलही मागच्या बाकावर येऊन बसला होता.

जज्जाने खिडकीबाहेर बोट दाखवलं. "बाई, त्या ओकच्या झाडाला पानं किती, सांग."

"तुम्ही नाव नोंदवताना जेवढी सांगितलीत, तेवढीच की!"

"मला कोण विचारणार असले प्रश्न?" जज्ज खेकसला. "माझी परीक्षा घ्यायची कुणाची छाती आहे?"

"अगंबाई, म्हणजे तुमची परीक्षा झालीच नाही?" ओडेसाने पाटीकडे पाहिलं. "मग तुमचं नाव यादीत आलं कसं? आणि यादीत नाव नसलेला माणूस निवडणुकीला उभा राहतो कसा?"

मागच्या बाकावरच्या वकिलाने खिशातून वही काढली. जज्जाने ते पाहिलं.

"लिहा हिचं नाव," तो कारकुनाकडे वळून पुटपुटला.

ओडेसाने सावकाश सही केली आणि दाराशी जाऊन वळली.

"बाहेर आमची चाळीस माणसं उभी आहेत, साहेब. त्यांनाही झाडाचंच विचारा. उत्तर सगळ्यांना पाठ आहे."