तेराव्या दारची हाक

“...मग त्या रकान्यात मी काय लिहू, बाबा?”

शलमोनबाबा बोलले नाहीत. त्याचं मला विशेष वाटलं नाही. वाटेत दोनदा विचारलं तेव्हाही ते बोलले नव्हते. पण या वेळी ते पुढंही सरकेनात.

आधीच्या बारा दारांशी ते असे थांबले नव्हते.

आमच्या मिशन कंपाउंडात उपवासकाळाचे चाळीस दिवस पहाटेची प्रार्थना असते. त्या चाळीसही पहाटे शलमोनबाबा दारोदार जाऊन “सलाम!” अशी हाक देतात. आतून “सलाम” आला की पुढच्या दारी. आल्याशिवाय नाही. दोन्ही डोळे गेले तरी त्यांची फेरी चुकली नाही. एक हात काठीला, दुसरा भिंतीला, एवढाच फरक पडला.

त्या दिवशी मीही त्यांच्याबरोबर निघाले, ती फॉर्मपायी. धर्मशिक्षणाच्या कॉलेजचा तो फॉर्म पाळकसाहेबांनी मोठ्या हौसेनं आणून दिला होता. बी.ए.चे मार्क, बाप्तिस्म्याची तारीख, सगळं भरून झालं होतं. एकच रकाना कोरा. ‘आपणांस देवाचे पाचारण केव्हा व कसे झाले?’

दुपारी पाळकसाहेब फॉर्म न्यायला येणार होते. खोटं लिहायचं धैर्य नव्हतं. आणि खरं लिहायचं तर... मला कुणी बोलावलंच नव्हतं. महिनाभर गुडघे टेकले, कान देऊन बसले, पण काही म्हणता काही नाही. देवाच्या यादीत आपलं नावच नसलं तर?

पहिल्याच दारी रंजनाकाकू आतून ओरडल्या होत्या, “सलाम, बाबा! आज सेक्रेटरी ठेवलीत वाटतं?”

“सेक्रेटरी कसली! कुत्रं भुंकलं की माझा सदरा धरते.”

आता हे तेरावं, शेवटचं दार. मार्थाबाई उजागऱ्यांचं. आत दिवा नव्हता.

मार्थाकाकूंनी आम्हाला रविवारच्या शब्बाथशाळेत शिकवलं. तीन वर्षांपूर्वी त्यांचा मुलगा नोएल गाडीखाली गेला. त्याच्या मातीनंतर त्या देवळात आल्या नाहीत. भाची खिडकीत डबा ठेवून जाते. बोलायचंच सोडलंय त्यांनी, असं म्हणतात. म्हणतात म्हणजे... मी ऐकलेलं. मी कधी गेले नव्हते.

“सलाम, मार्थाबाई!” बाबांनी हाक दिली.

काही नाही.

“बाबा, त्या उत्तर देत नाहीत.”

“हं.”

“मग रोज इथं काय करता तुम्ही?”

“प्रार्थनेची घंटा होईतोवर उभा राहतो.”

“तीन वर्षं?”

“वर्षाचे चाळीस दिवस. वाढवून सांगू नको कुणाला.”

बाबा काठीवर भार देऊन उभे होते. मला थंडी वाजत होती. ते अंधारं दार बघवत नव्हतं. आणि मी एक मूर्खपणा केला. भिंतीशी तोंड नेलं, आवाज जाड केला आणि हळूच म्हटलं, “सलाम...”

लहानपणी आईला साखरझोपेतून उठवायचं नसलं की आम्ही पोरं तिच्या आवाजात असंच उत्तर द्यायचो.

बाबांनी मान कलती केली.

“त्या रकान्यातही असंच लिहिणार होतीस?”

माझ्या कानाच्या पाळ्या तापल्या.

बाबा दारासमोरून बाजूला झाले. चाचपडत पायरीच्या कडेला बसले. काठी आडवी मांडीवर घेतली.

“तू दे हाक.”

“मी?... मला कुठं कुणी सांगितलंय?”

“मला तरी कुणी सांगितलं होतं?”

मी दचकलेच. साऱ्या मंडळीत पाचारण झालेला माणूस कोण म्हणाल, तर शलमोनबाबा.

“म्हणजे तुम्हाला... देवाचं काहीच...?”

“माझ्याआधी हाक देणारा म्हातारा तापानं पडला. दारं तशीच राहिली होती.” बाबांनी भिंतीवरून हात फिरवला. “एक्कावन्न वर्षं झाली त्याला.”

“आणि देव? देव कधीच बोलला नाही?”

बाबांनी तोंड आभाळाकडं केलं. काहीतरी ऐकत असल्यासारखं.

“दे. उजाडायला लागलंय.”

कसं कळलं त्यांना? खरंच, लिंबामागं आभाळ फिकट होत होतं.

मी दारापुढं उभी राहिले. पहिला “सलाम” अर्ध्यातच तुटला. दुसरा बाहेर पडला, पण माझा मलाच ऐकू आला नाही.

तेवढ्यात देवळाची घंटा झाली. प्रार्थनेचे मोजून सात टोले. आता बाबा उठतील, सुटले, असं वाटलं.

बाबा उठले नाहीत.

घंटेचा नाद विरून गेला आणि इतकं शांत झालं... इतकं, की कुणीतरी श्वास रोखून ऐकतंय असं वाटलं. दाराआड, की माझ्या पाठीशी, की वर, कळेना. अंगावर काटा आला. आजवर घाबरत आले, पण ही भीती तसली नव्हती. पळावंसंच वाटेना.

“काकू,” मी म्हणाले. “मी मातीला आले होते. नंतर आले नाही. काय बोलायचं ते कळत नव्हतं. अजूनही कळत नाही...”

दारावर तळवा टेकला. लाकूड गार होतं.

“सलाम, काकू.”

आत बाज करकरली. पावलं... एक, मग बऱ्याच वेळानं दुसरं. माझ्या तळव्याच्या अगदी पलीकडं कुणीतरी येऊन थांबलं.

“सलाम.”

फार दिवस न वापरलेला आवाज. मग हळूच, “...कोण गं?”

मी बाबांकडं वळले.

“माझ्याकडं काय बघतेस?” बाबा म्हणाले. “तुला विचारलंय.”