हौसाबाईनं तण उपाशी मारलं

महाराज चंद्रोजीरावांचा मका करपला! पाऊस वेळेवर, जमीन काळीभोर, तरी ताटं पिवळी पडून माना टाकून उभी. आणि त्यांच्या बुडाशी पांढऱ्या फुलांचा टारफुला ऐटीत डोलत होता. हे तण जमिनीखाली मक्याच्या मुळाला चिकटून रस पितं. वर दिसेपर्यंत पीक अर्धं मेलेलं असतं.

महाराजांनी बांधावर चार बंदूकवाले उभे केले. टारफुला त्यांच्या पायापाशी फुलला!

मग महाराजांचे मेहुणे मानसिंगराव पुढे सरसावले. हे गृहस्थ बहिणीच्या लग्नाला आले होते, ते परत जायचंच विसरले होते.

"दाजी, हे तण शेजारच्या बारा कुणब्यांच्या वावरांतून येतं. त्यांनाच निस्तरू द्या, नाहीतर जमिनी जप्त करा!"

लगेच हुकूम सुटला: तण डोकं वर काढायच्या आत मेलं पाहिजे. आणि खुरपं-कुदळ लावायची नाही, मक्याची मुळं दुखावतात!

बाराही घरांत चूल पेटेना. त्यांतली एक हौसाबाई. नवरा गेल्यापासून दीड बिघ्याचा तुकडा ती एकटीच कसत होती. गेली काही वर्षं एक गोष्ट तिच्या नजरेत भरली होती. ज्या पट्ट्यात ती भुईमूग लावी, तिथं पुढं मका घेतला की टारफुला कमी दिसे.

ती थेट दरबारात गेली. "महाराज, दोन वर्षं तुमचं वावर माझ्या हाती द्या. तिसऱ्या वर्षी मका घेऊ. नाही साधलं, तर जप्ती माझ्या तुकड्यापासून सुरू करा."

"दिलं!" महाराज म्हणाले.

भादव्यात महाराज तिसऱ्या वर्षाचं बोलणं विसरून कोवळ्या कणसांच्या आशेनं वावरात आले, आणि पाहतात तर सगळीकडे भुईमूग आणि चवळी!

"अगं बाई, मी तण घालवायला सांगितलं. तू मकाच घालवलास!"

"महाराज, या तणाचं बी तपकिरीसारखं बारीक. वर्षानुवर्षं मातीत झोपून राहतं. मुळाचा वास आला की जागं होतं. भुईमूग-चवळीच्या वासानंही होतं. पण या मुळांना त्याचे दात लागत नाहीत. एकदा जागं झालं की परत झोपता येत नाही. उपाशी मरतं!"

"मातीतलं तुला कोणी सांगितलं?" मानसिंगरावांनी टोमणा मारला. "मेलेलं एक तरी दाखव!"

"मेलेलं कुठून दाखवू, रावसाहेब? तिसऱ्या वर्षी मका दाखवीन."

दुसऱ्या वर्षीही तिनं तेच पेरलं, वर गाड्या भरभरून शेणखत ओतलं. गाव कुजबुजत होतं, आणि मनातून तीही धास्तावलेली होती. तिसऱ्या वर्षी मका पेरला तेव्हा ती रोज उठून ताटांच्या बुडाशी वाकून बघे.

मका डोक्याच्या वर गेला! हिरवागार, एकेका ताटाला दोन-दोन कणसं. महाराज दरबाऱ्यांसह बांधावर बसून भाजलेलं कणीस खाऊ लागले. मानसिंगराव मात्र सकाळपासून सऱ्यांमधून वाकून फिरत होते. दुपारी ते घामाघूम होऊन धावत आले. मुठीत तीन रोपटी!

"दाजी, सापडली! तीन! हुकूम मोडला! करा जप्त बाराही जमिनी!"

हौसाबाईनं रोपटी हातात घेऊन निरखली. "अजून फुलली नाहीत, म्हणजे बी सांडलेलं नाही. झकास काम केलंत, रावसाहेब! महाराज, रावसाहेब तीन वर्षांत आज पहिल्यांदा वावरात राबले, तर तिन्ही निघाली. रोज पाठवा, पुढच्या साली एकही राहायचं नाही!"

महाराजांना ठसका लागला. "हौसाबाई, तू दरबारातच ये. बसून खा!"

"नको महाराज. बसून खाणारं तण तिथं आधीच दाट आहे."

दरबारी मंडळी एकदम आपापल्या जोड्यांकडे पाहू लागली. महाराजांनी कणीस खाली ठेवलं. "मग तिथं काय पेरू?"

"काम पेरा, महाराज! वासानं सगळे जागे होतील, पण दात कुणाचेच लागायचे नाहीत!"

महाराज इतके हसले, इतके हसले, की मक्याचे दाणे पार मानसिंगरावांच्या पगडीवर उडाले! तिथल्या तिथं जप्तीचा हुकूम फाडला. बाराही कुणब्यांना जमिनी वंशपरंपरेनं मिळाल्या. हौसाबाईला राजाच्या मक्याला लागून पाच बिघे मिळाले, आणि मानसिंगरावांना रोज सकाळी तिच्या हाताखाली निंदणी!